अकरा मिनिटं पुढचं घड्याळ

फुलेवाडी, कोल्हापूर
मंगळवार, सकाळचे अकरा वाजून चार मिनिटं (खात्रीचे)

तीर्थस्वरूप सयाजीमामांच्या पायांवर भाचा सम्राट याचा डोकं टेकून नमस्कार. (खुर्चीत बसून बसून कंबर धरली आहे, त्यामुळं वाकायला जरा वेळ लागला. पण पूर्ण वाकलो. आई साक्षीला आहे.)

आम्ही दोघं इकडं खुशाल आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला हटला का? नसेल हटला तर आईनं अडुळशाचा पाला कागदात बांधून या पत्राबरोबर दिला आहे, तो उकळून द्यावा. काजूला मोहर बरा आहे असं कृष्णात कंडक्टर सांगत होते. हे पत्रही त्यांच्याच हाती दोनच्या चंदगड गाडीनं पाठवतोय. पोस्टानं पाठवलं तर तुम्हाला मिळेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असेल, आणि फोन करावा तर तुमच्या घरात रेंज फक्त गोठ्याच्या पत्र्यावर येते. त्या गुडघ्यानं तुम्ही पत्र्यावर चढावं असं मला मुळीच वाटत नाही. शिवाय तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. जे लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही, असं तुम्ही तीस वर्षं स्टँडच्या केबिनमध्ये बसून सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांना सुनावलंत. तेव्हा लिहितो.

सर्वात आधी आभार. गेल्या खेपेला तुम्ही शनिवारी आलात आणि सोमवारी गेलात, तेवढ्यात आमच्या घराला जी शिस्त लागली ती अजून टिकून आहे. बाहेरच्या सोप्यातलं बाबांचं भिंतीवरचं घड्याळ, जे मी जन्मल्यापासून अकरा मिनिटं पुढं होतं, ते तुम्ही स्टुलावर चढून, आतली धूळ फुंकून, एका झटक्यात बरोबर लावलंत. आता ते सेकंदाला धरून चालतंय. दुसरं म्हणजे माझं जेवण. तुम्ही मला जे चारचौघांत (म्हणजे आई आणि दूधवाल्यासमोर) झाडलंत, ते मी काळजावर कोरून ठेवलं आहे. कानातली ती इअरफोनची बोंडं काढून ठेवली आहेत. स्वयंपाकघरातून पहिली भाकरी थापल्याचा आवाज आला की असेल ते काम टाकून मी पानावर जाऊन बसतो. आठ दिवसांत एकदाही चुकलेलो नाही. आईला विचारा.

आता मूळ गोष्टीकडं येतो. तुम्ही जाताना चपला घालता घालता मला विचारलं होतंत, की बाबा रे, तू दिवसभर त्या डब्यांपुढं बसून नेमकं करतोस काय. मी म्हटलं होतं, टेस्टिंग. त्यावर तुम्ही नुसतं बरं म्हणालात, आणि ते बरं तुम्ही फुकट्या प्रवाशाला म्हणायचात तसं होतं. मला ते लागलं. म्हणून आज सविस्तर सांगतो.

कॉम्प्युटरच्या पोटात, सगळ्यात खाली, कर्नेल नावाचा एक प्रोग्रॅम चालू असतो. तो कुणाला दिसत नाही. तुम्ही बघता तो पडदा, ती चित्रं, ते फोटो या सगळ्या गाड्या. कर्नेल म्हणजे केबिनमधला वाहतूक नियंत्रक. कुठली गाडी कधी लावायची, कुणाला थांबवायचं, कुणाला सोडायचं, हे सगळं त्याच्या हातात. प्रवासी गाडीला शिव्या देतात, ड्रायव्हरला देतात, पण केबिनकडं कुणी बघतसुद्धा नाही. (तुम्हाला हे पटेल.) आणि नियंत्रकाचं सगळं पोट घड्याळावर. त्याचं घड्याळ अचानक दहा मिनिटं मागं गेलं तर जी गाडी सुटून गडहिंग्लजच्या वाटेला लागली, तिची तो स्टँडवर वाट बघत बसेल. पुढच्या गाड्या मागं तुंबतील, आणि शेवटी स्टँडच ठप्प. याला आमच्यात मशीन गोठलं म्हणतात.

तर माझं काम असं, की कर्नेलच्या घड्याळाला मुद्दाम छळायचं. पुढं ढकलायचं, मागं खेचायचं, एकदम पन्नास वर्षं उडवायचं, आणि तो गोंधळतो का बघायचं. गोंधळला तर कंपनीला कळवायचं, म्हणजे तिथली मंडळी दुरुस्त करतात. मामा, तुम्ही उभी हयात घड्याळं बरोबर चालवण्यात घालवलीत आणि तुमचा भाचा घड्याळं बिघडवून भाकरी मिळवतो, हे तोंडावर सांगायचा धीर त्या दिवशी झाला नाही. आता मध्ये चंदगडपर्यंतचा घाट आहे, म्हणून सांगतो.

माझ्याकडं सोप्यात खिडकीखाली तीन मशीन मांडलेली तुम्ही बघितलीत. त्यातलं पहिलं कायम १९७० सालात असतं, कारण बहुतेक कॉम्प्युटरांची मोजणी तिथून सुरू होते. दुसरं २०३८च्या जानेवारीत असतं, कारण काही जुन्या मशीनची मोजणी तिथं संपते. (आईनं त्या दुसऱ्यासमोर उभं राहून विचारलं होतं, तिथं तुझं लग्न झालंय का तेवढं बघून सांग. मी म्हटलं, तसलं दिसत नाही त्यात. तर म्हणाली, मग काय उपयोगाचं.) आतल्या खोलीत माझा लॅपटॉप आहे, त्याचंही घड्याळ मी रोज कुठंतरी भरकटवलेलं असतं. म्हणून खरी वेळ कळायला तिसरं मशीन. त्याला मी हात लावत नाही. ते नुसतं साक्षीदार म्हणून बसवलेलं. त्याच्या कपाळावर लाल आकड्यांचं मोठं घड्याळ आहे, आणि खाली दोन बारकी बटणं, एक वेळ पुढं न्यायचं आणि एक मागं. माझ्या खुर्चीतून दारातून बघितलं की ते लाल आकडे समोर दिसतात. ते मशीन थोड्या थोड्या वेळानं इंटरनेटवरच्या मोठ्या घड्याळाला विचारून स्वतःला सरळ करून घेतं, त्यामुळं अख्ख्या फुलेवाडीत त्याच्याइतकं खरं घड्याळ नाही. मी चहा घेतो तो त्यावर आणि जेवायला उठतो तेही त्यावर एक वाजले की. (म्हणजे उठत होतो. आता भाकरीच्या आवाजावर उठतो, हे वर आलंच आहे.)

आणि मामा, दिवाळी झाली आणि हेच साक्षीदार मशीन गोठायला लागलं.

रोज दुपारी मी जेवायला जायचो, हात धुऊन परत यायचो, तर लाल आकडे थिजलेले. काही केल्या हलायचे नाहीत. बंद करून चालू करावं लागायचं. ज्या दोघांना मी दिवसभर बडवतो ती १९७० आणि २०३८ वाली मजेत, आणि ज्याला बोटसुद्धा लावलं नाही ते आडवं. आत नोंद बघितली तर एवढंच दिसायचं, की घड्याळ आधी कधी नऊ, कधी अकरा, कधी चौदा मिनिटं पुढं उडालं, मग इंटरनेटवरच्या घड्याळानं त्याला मागं खेचलं, आणि त्या ओढाताणीत कर्नेलचा प्राण अडकला. पण मुळात पुढं उडवलं कुणी, ते नोंदीत नव्हतं.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. माणसाला घरात गुप्तधन सापडावं तसा मी सोप्यात नाचलो. आमच्या धंद्यात असला दोष सापडायला वर्षं जातात. बंगळूरला प्रियदर्शनी मॅडमना (माझ्या वरच्या अधिकारी, बाई हुशार, पण हसत नाहीत) तीन पानी अहवाल पाठवला. त्यांनी विचारलं, कारण काय. मी म्हटलं, शोधतो. आणि तिथून पुढं माझी जी शोभा झाली ती तुमच्यापासून लपवत नाही.

आधी मशीनच्या आतला गोल सेल बदलला. मग वाटलं, फ्रीजमुळं विजेचा दाब हलत असेल, म्हणून फ्रीज परसदारी नेला. (आईनं दोन दिवस माझ्याशी आणि फ्रीजनं कायमचा अबोला धरला, तो दुरुस्त करून आणावा लागला.) मग वाटलं, तापत असेल, म्हणून ओला पंचा घातला. तेव्हा शेजारच्या काकू डोकावून आईला हळूच विचारून गेल्या, की कुणाला ताप आलाय का. मग एक दिवस बटणांवर पांढरी भुकटी दिसली. मी अंगठ्यानं पुसली, वास घेतला, आणि मॅडमना कळवलं, की आतल्या भागांतून क्षार बाहेर येतोय, फोटो जोडला आहे. त्यांनी तो हार्डवेअरच्या लोकांना दाखवला. त्या लोकांनी कोल्हापूरच्या दमट हवेवर दीड पान लिहून पाठवलं. शेवटी एक दिवस जेवणाला फाटा देऊन मी मशीनसमोर पाट टाकून बसलो. बारा ते दोन, पापणी हलवली नाही. त्या दिवशी मशीनबाई ठणठणीत. बघणारा समोर असला की गोठायचं नाही, असा तिचा खाक्या. आईनं मात्र गार भाकरीवरून माझी चांगली हजेरी घेतली.

मग मी शास्त्रोक्त पद्धतीनं तक्ता केला. तीन आठवडे, रोजची नोंद. तर असं निघालं की मशीन सोमवारी गोठतं, मंगळवारी गोठतं, गुरुवार, शुक्रवार, शनिवार गोठतं, पण बुधवारी आणि रविवारी अजिबात नाही. मॅडम तक्ता बघून म्हणाल्या, बुधवारी आणि रविवारी कोल्हापुरात काय विशेष असतं. मी पुष्कळ डोकं खाजवलं आणि म्हटलं, तसं काही नाही, मटण असतं. त्या म्हणाल्या, विषयाला धरून बोला. मी माफी मागितली आणि आम्ही विजेच्या दाबाकडं वळलो.

अखेर एका मंगळवारी मी मोबाईल शेल्फवर, चटणीच्या डब्याला टेकवून, बाराच्या आधीच कॅमेरा चालू करून ठेवला आणि आत कामाला बसलो. एकला उठून जेवलो, परत येऊन बघतो तर काय. कॅमेरा जरा तिरका बसला होता, आकडे दिसत नव्हते, बटणं तेवढी दिसत होती. बारा वाजून गेल्यावर बऱ्याच वेळानं डाव्या बाजूनं एक हात आला. नुसता हात, मनगटापर्यंत पिठाचा. त्यानं बटण दाबलं, मग दुसरं दाबलं, परत पहिलं, आणि आला तसा निघून गेला. त्या हाताचा चेहरा दिसला नाही, पण माझ्या पाठीला तो हात लहानपणापासून ओळखीचा आहे. (क्षाराबद्दल हार्डवेअरच्या लोकांना अजून कळवलेलं नाही. ते जोंधळ्याचं पीठ होतं.)

मी आईला विचारलं. आधी ती कबूलच होईना. मग व्हिडिओ दाखवल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "मागं पडलं हुतं ते तुजं. म्हनून जरा सारकं केलं."

बस्स. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाबांनी ते भिंतीवरचं घड्याळ का पुढं लावलं होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. उद्यमनगरात फाउंड्रीचा भोंगा झाला की फाटक बंद व्हायचं, म्हणून अकरा मिनिटं पुढं. त्याचा उपयोग काय झाला, तर घरातला प्रत्येक जण घड्याळ बघायचा, मनात अकरा वजा करायचा आणि निवांत बसायचा. मी वजाबाकी शाळेत शिकलो नाही मामा, त्या घड्याळावर शिकलो. बाबा गेले, भोंगा बंद झाला, पण अकरा मिनिटं राहिली. आणि आईच्या लेखी तीच खरी वेळ. तेव्हा उघड आहे, माझं लाल घड्याळ तिला अकरा मिनिटं मागं दिसायचं आणि ती बिचारी रोज ते भिंतीवरच्याशी जुळवायची. चष्म्याशिवाय बघते, म्हणून कधी नऊ, कधी चौदा. हा निष्कर्ष मी मॅडमना सविस्तर कळवला. भिंतीवरच्या घड्याळाची आकृतीही जोडली.

मॅडम पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, दाबलं कुणीही असो, बटण दाबल्यावर मशीन गोठता कामा नये, तेव्हा दोष खराच आहे, आणि मोठा आहे. पण वरची मंडळी डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानणार नाहीत. या गुरुवारी दुपारी साडेबारापासून तीन देशांतली माणसं कॅमेऱ्यातून आमचं साक्षीदार मशीन बघत बसणार आहेत. मशीन त्यांच्यासमोर गोठलं, तर माझी नोकरी पक्की, आणि कायम कोल्हापुरातूनच काम करायची लेखी परवानगी. नाही गोठलं, तर घरी बसून केलेल्या माझ्या कामावर भरवसा ठेवता येत नाही असं ठरणार आणि एक तारखेपासून मला बंगळूरला जाऊन बसावं लागणार. आई तिकडं यायची नाही. मी एकदा विषय काढला होता, तर म्हणाली, तू जा की, माझं काय. आणि मग दिवसभर उगाच भांडी घासत बसली. मामा, खरं सांगतो, ती एकटी या घरात बसून जेवते आहे, हे चित्र मला डोळ्यांपुढं आणवत नाही.

आणि इथंच घात झालाय. तुम्ही येऊन गेल्यापासून मशीन एकदाही गोठलेलं नाही.

आठ दिवस झाले. लाल आकडे गुळगुळीत चालतात. मी स्वतः बटणं दाबून बघितली, अकरा मिनिटं पुढं, अकरा मागं, दोनशे चाळीस वेळा. काही होत नाही. मग वाटलं, पिठात काहीतरी असेल, म्हणून मनगटापर्यंत जोंधळ्याचं पीठ लावून दाबली. त्याच वेळी दारात दूधवाला आला होता. तो दूध न ओतताच गेला. आईला म्हटलं, आई, एकदा तू दाबून दाखव. तर म्हणाली, आता बरूबर हाय की ते, चालतं घड्याळ बिघडवू व्हय. तिचंही खरंच. भिंतीवरचं बरोबर झालं, लाल तर बरोबर होतंच, दोन्ही जुळली, मग ती कशाला हात लावेल? म्हणजे तीन देश ज्या दोषाची वाट बघतायत, त्याचं मूळ बाबांच्या अकरा मिनिटांत होतं, आणि ती अकरा मिनिटं घरात आता नाहीत.

परवा रविवारी मी मनाचा हिय्या करून भिंतीखाली स्टूल ठेवलं आणि एक पाय वर टाकला. एवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. एवढ्या चपळाईनं मी तिला वर्षात बघितलं नव्हतं. स्टूल धरून म्हणाली, उतर, ह्यांच्या घड्याळाला दादाशिवाय कुणाचा हात लागायचा न्हाई. मी मान वर करून घड्याळ बघायच्या आत खाली होतो.

असो. सांगायचं एवढंच, की तुमचा भाचा काय करतो ते तुम्हाला आता कळलं असेल. बाकी विशेष काही नाही. इकडं थंडी बरी आहे. मामींना नमस्कार, म्हशीची चौकशी. तुमची शिट्टी इकडंच राहिली आहे, ती जपून ठेवली आहे. लोभ आहेच, गुडघ्याला सांभाळावं.

तुमचा आज्ञाधारक (जेवणाच्या बाबतीत तर शंभर टक्के) भाचा,
सम्राट

ता. क. : मामा, उद्या बुधवारच्या संध्याकाळच्या गाडीनं या. कसंही करून या. स्टुलावर चढा आणि भिंतीवरचं घड्याळ परत अकरा मिनिटं पुढं करा. तुमच्या हाताला आई काही म्हणणार नाही. तुम्ही एका झटक्यात माझं नशीब बरोबर वेळेवर आणून ठेवलंत. आता कृपा करून ते थोडं बिघडवा. नियंत्रकानं जाणूनबुजून घड्याळ चुकवणं हे तुमच्या जिवावर येईल हे मला कळतं. पण निवृत्त झाला आहात, आता कोण मेमो देणार आहे?

ता. क. २ : आईला यातलं काही बोलू नका. तिला कळलं की ते मुद्दाम केलं आहे, तर तिचा हात नेहमीसारखा पडणार नाही. मी सगळ्या बाजूंनी विचार करून हे ठरवलं आहे. घड्याळांच्या बाबतीत माझी नजर चुकत नाही.

ता. क. ३ : पत्र आईकडंच देतोय. डिंक संपलाय, ती भाताचं शीत लावून पाकीट चिकटवेल. ती काही वाचत बसत नाही. साडेबारा होत आले, कामाला लागतो.

---

दादास तानीचा नमस्कार. गुडग्याला तेल लाव. पाकीट चिकटवायला माज्याकडं दिलंय, म्हनून सगळं वाचलं. लई लिवलंय पोरानं. मलाच लाज वाटली.

दादा, भिंतीवरच्या घड्याळाचं काय बी न्हाई त्यात. तू सोमवारी गेलास, त्याच सांजंला मी स्टुलावर चढून ते परत अकरा मिंटं पुढं करून ठिवलंय. तुज्यावर राग नव्हता. पर ह्यांनी लावल्यालं हुतं, बरूबर झाल्यावर घरात परकं वाटाय लागलं. आठ दिस झालं, पोराच्या अजून ध्यानात न्हाई. घड्याळाची नोकरी करतंय म्हनं.

खरं काय ते तुला सांगते. पोरगं कानात बोंडं घालून बसायचं. हाका मारून माजा घसा बसायचा. त्या लाल घड्याळात एक वाजल्याबिगर ते जाग्यावरनं उठायचं न्हाई, आन् माजी भाकरी त्याच्या आधीच तव्यावरनं उतरायची. गार भाकरी खाऊन पोराच्या पोटाचं काय हुनार? म्हनून भाकरी फुगली की मी जाऊन त्या घड्याळात एक वाजवून येत हुते. बुधवारी रविवारी मटनाच्या वासानं आपणच यायचं, मग कशाला दाबू. आन् तू रागं भरल्यापास्नं भाकरीच्या आवाजाला येऊन बसतंय. दाबायचं कामच पडलं न्हाई. एवढ्या थोरल्या पोराला जेवायला उठवायला घड्याळ फिरवते, हे त्याला कुटं सांगू? म्हनून मागं पडलं हुतं म्हनून सांगितलं.

आन् त्याचं दाबनंच चुकीचं हाय. चिमणीवानी टोचत बसतंय. अंगठा ठिवून दाबून धरायचं असतंय. मग ते पळत सुटतंय, एकच्या म्होरं जातंय, मग मागलं बटन धरायचं, परत पुढलं.

तू उद्या येऊ नगंस. तू आलास की गुरवारी ते शिस्तीत आपणच उठंल आन् सगळा घोळ हुईल. त्याला काय सांगू बी नगंस. मुद्दाम उशिरा बसलं तर माज्यानं दाबवायचं न्हाई. म्या ठरवलंय, गुरवारी भाकरी थापतच न्हाई. भात लावते. भाताला आवाज नसतोय. पोरगं खुर्चीतनं उठनार न्हाई, आन् उठलं न्हाई की मी दाबनार. बंगळूरला त्याला कोन उठवंल?

रविवारी ये वैनींना घिऊन. मटान करते.

आज भातच लावून बघितलाय. आत्ता उतरला. पोरगं आतच बसलंय, मान बी वर करत न्हाई. जाऊन येते.

आले दाबून. उठलं पोरगं, हात धुतंय. पाकीट चिकटवते आता, न्हाईतर भात गार हुईल.